पाटी सेठची, पाना मिस्त्रींचा

कल्याणला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पचे रिक्षावाल्याने ऐंशी रुपये सांगितले. मी पन्नास म्हटले आणि गप्प उभी राहिले. भाव सांगून झाला की तोंड मिटायचे, आधी बोलेल तो हरला, हे वडिलांनी मला कराडच्या बाजारात भांडी विकताना शिकवले होते. रिक्षावाल्याने मान खाजवली, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, "बसा मॅडम. सकाळी सकाळी कुठे डोकं लावता!"

मी अर्थशास्त्रज्ञ आहे. जी वस्तू अजून बाजारात आलीच नाही, तिच्यावर कोण पैसा लावतो आणि का, हा माझा विषय. पुण्याच्या संस्थेत बारा वर्षे हेच करते आहे. त्यातली तीन वर्षे बंगळूर-हैदराबादच्या कंपन्या पालथ्या घालण्यात गेली. कोणाचे काम खरोखर नवे आणि कोणाची नुसती नक्कल, हे प्रत्येक ठिकाणी बसून, बघून ठरवले आणि वह्यांत लिहून ठेवले. ते प्रकरण आता आमच्या संचालकांच्या पुस्तकात जाणार होते, त्यांच्या नावाने. माझे नाव आभारात, ग्रंथपालांच्या खाली. याला माझी हरकत नाही, असे पत्र पर्समध्ये होते. सोमवारी सही करून द्यायचे होते.

आमच्या गल्लीत पापड करणाऱ्या बाईंकडे एक यंत्र आहे. तसे मी दुसरीकडे कुठे पाहिले नव्हते. त्यावरच्या पितळी पाटीवर उल्हासनगरचा पत्ता होता. घरी कुढत बसण्यापेक्षा हे बघून येऊ म्हटले.

कॅम्पात जुन्या लष्करी बरॅकी आहेत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी त्यांत भिंती घालून घरे केली आणि घरांपुढे दुकाने काढली. कोपऱ्यावर दाल-पकवान (कडक पुरी आणि हरभऱ्याची डाळ) खाल्ले आणि पत्ता विचारत गोपालदास सेठच्या दुकानात शिरले.

"बैठो अदी (ताई). पहले पापड-पानी, फिर बात." सिंधी माणसाकडे पाहुण्यापुढे आधी भाजलेला पापड येतो.

"पुण्याहून आलेय. ते पापडाचं यंत्र तुम्ही बनवलं?"

"मी? मला बल्ब बदलता येत नाही!" सेठ पोट हलवत हसले. "अंबरनाथचा भालेराव मिस्त्री. फॅक्टरी बंद झाली त्याची, तेव्हा माझ्याकडे आला. तीन मशीन बिघडवल्या. एकीने तर पापडाचे लाडू वळले! मी व्याज मागितलं नाही. चौथी चालली."

"मग पाटीवर त्यांचं नाव का नाही?"

"पैसा बुडत कोणाचा होता, अदी? ज्याचं बुडणार त्याची पाटी. कॅम्पात असंच असतं."

माझे डोके सटकले. ही चोरी आहे, असे मी शेजारच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या आवाजात सुनावले. बोलत होते मिस्त्रींसाठी, डोळ्यांपुढे मात्र आमचे संचालक होते. सेठनी बशी पुढे सरकवली. "पापड तरी खा. नरम पडेल." मी तशीच उठले.

विठ्ठलवाडीहून बसने अंबरनाथला गेले. डोके थंड व्हावे म्हणून आधी ओढ्याकाठच्या शिवमंदिरात थांबले. भिंतीचा एक वीतभर दगड कोरायचा सोडलेला नाही. राजाचे नाव शिलालेखात आहे म्हणतात. पाथरवटाचे काही कुठे दिसले नाही. शांत व्हायला गेले होते, ते राहिलेच.

विचारत विचारत गेले, तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मिस्त्री भेटले. पन्नाशीचे, निळा शर्ट, भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्यांनी बसा म्हटले नाही.

"सेठचा फोन येऊन गेला. म्हणाले, 'पुण्याच्या बाईकडे रडलास काय रे?' मॅडम, मी तुम्हाला ओळखत पण नाही. नव्या मशीनचं काम अर्ध्यावर आहे, पैसा सेठचा आहे. तुम्ही कोणाच्या वतीने भांडलात?"

 "चुकले," मी म्हणाले. हा शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही. ते बहुधा त्यांना दिसले, कारण त्यांनी स्टूल पुढे केले आणि हातात एक पाना दिला. "हे झाकण उघडून दाखवा."

पाना घसरला. दुसरा दिला, तोही घसरला. बोल्टचे डोके नेहमीसारखे सहा कोनांचे नव्हते, तीन कोनांचे होते. मिस्त्रींनी कमरेच्या दोरीतून छोटा पाना काढला आणि झाकण एका हिसक्यात उघडले.

"हवा बदलली, पीठ बदललं की आतले रोलर परत बसवायला लागतात. मशीन सांगलीला असो नायतर सुरतला, बोलावणं मलाच. पाटी वाचून पापड होतो काय?"

"सेठना माहीत आहे हे?"

"त्यांच्यासमोरच केलं. म्हणाले, 'पाटी माझी, पाना तुझा. आता दोघं नीट झोपू.'"

माझी सवय उसळली. "हा पाना मला द्या. किती घ्याल?"

"विकायचा नाही."

"पाचशे."

"मॅडम, घरी जेवायला चला. ते फुकट आहे."

त्यांचे घर बदलापूरजवळ सोनिवलीला, नव्या इमारतीत. खिडकीबाहेर भाताची खाचरे अजून शिल्लक आहेत. वहिनींनी भाकरी आणि सुकटीचे (सुक्या बारीक कोळंबीचे) कालवण वाढले. "यांचा तो पाना आंघोळीलाही सुटत नाही," त्या म्हणाल्या. जेवताना फोन वाजला. मिस्त्री ऐकता ऐकता हसायला लागले. "सेठ विचारतायत, अदीचा राग उतरला का? पापड टाकून गेली म्हणून वाईट वाटलं त्यांना."

रात्री त्यांच्याकडेच राहिले आणि दुसऱ्या दिवशी बदलापूरहून कर्जतमार्गे परत निघाले. घाटात पत्र बाहेर काढले, वाचले आणि घडी घालून ठेवले. फाडले नाही. सहीही केली नाही.

सोमवारी संचालकांपुढे ते सहीविनाच ठेवले. त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. "प्रकाशकांनी विचारलंय, नवं आणि नक्कल हे आपण कसं ठरवलं? तुमच्या त्या वह्या तेवढ्या ऑफिसात आणून ठेवा."

"वह्या घरी राहतील, सर. खुलासा मी लिहीन. प्रकरणावर माझं नाव आलं की."

"पुढच्या पुस्तकात बघू ना आपण."

"याच."

त्यांनी पेनाचे टोपण काढले, परत लावले. गेल्या आठवड्यात मी याच खोलीत आरडाओरडा केला होता आणि त्याने ग्रंथपालांच्या खालची माझी जागा एका ओळीनेही वर सरकली नव्हती. आज खुर्ची ओढून बसले. बाहेर शिपायाने चहाचे कप गोळा केले. सर काही बोलेनात.

मीही गप्प बसले.