तिसरी चावी

गाडीचं दार लोटण्याआधी मी आजही हातातली चावी डोळ्यांनी बघून घेतो, आणि ती बघितली की ती घटना आठवल्याशिवाय राहत नाही. बायको हसते. म्हणते, "आयुष्यभर चोर पकडलेत आणि आता स्वतःच्या गाडीला घाबरता!" मी गाडीला घाबरत नाही. एका चावीपायी एका सरळ माणसाला मी दोन दिवस चोर समजत होतो, ते अजून विसरता आलेलं नाही.

तेव्हा मी मुलुंडच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो, गुन्ह्यांचा तपास माझ्याकडे होता. एका संध्याकाळी पन्नाशीचे एक गृहस्थ फिर्याद द्यायला आले. खासगी कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, बोलणं मोजकं, कागदपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेली. सोसायटीत खाली उभी केलेली त्यांची गाडी दुपारी चोरीला गेली होती.

गेटवरच्या कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. अडीचच्या सुमारास टोपी आणि मास्क घातलेला एकजण गाडी घेऊन निवांत बाहेर पडला. वॉचमनने त्याला हातसुद्धा केला; विचारल्यावर म्हणाला, मालकच वाटले. गाडी उभी असायची तिथे काचेचा एक तुकडा नव्हता. म्हणजे गाडी चावीने उघडली होती आणि चावीनेच सुरू केली होती. आणि फिर्यादींनी तर दोन्ही चाव्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "साहेब, कंपनीने दोनच दिल्या होत्या. एक माझ्या खिशात असते, एक घरात. तिसरी चावी नाहीच."

मग चोराने गाडी कशाने नेली? सगळा तपास या एका प्रश्नावर येऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी खबर आली. आमचा खबरी नाक्यावर शहाळी विकायचा. तो म्हणाला, "साहेब, ती गाडी मला माहीत आहे. महिन्याभरापूर्वी आपल्या चावीवाल्याने उघडली होती, भर रस्त्यात."

हा चावीवाला त्या नाक्यावर वीसेक वर्षं बसत होता. मालवणकडचा माणूस, वय पंचावन्नच्या आसपास. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी फुटपाथवर छत्री लावली आणि पुढे ती जागा मुलाकडे आली. चिप असलेल्या गाड्यांच्या चाव्या बनवायचं छोटं यंत्र त्याने नुकतंच घेतलं होतं. त्या यंत्रानेच त्याला गोत्यात आणलं. आमच्या वरिष्ठांनी ऐकल्याबरोबर सांगितलं, "हाच तो. उघडताना एक चावी स्वतःसाठी बनवून ठेवली असणार. दोन दिवसांत कबूल झाला नाही तर अटक दाखवा. हद्दीतून चोरीला गेलेल्या आणखी दोन गाड्याही त्याच्याकडेच निघतील."

नोटीस देऊन त्याला ठाण्यात बोलावलं. हवालदार त्याला भर दुपारी नाक्यावरून घेऊन आला. आल्याआल्या त्याने काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं.

झालं होतं असं. फिर्यादी आपल्या ऐंशीच्या घरातल्या आईला डॉक्टरकडे घेऊन निघाले होते. वाटेत फुलं घ्यायला दोन मिनिटं उतरले. चावी गाडीतच होती. दारं लॉक झाली, काचा वर होत्या, बाहेर एप्रिलचं ऊन. म्हातारीला आतून दार कसं उघडायचं ते कळेना, आणि बाहेरून मुलगा काचेवर थापा मारतोय म्हटल्यावर ती आणखीच गांगरली.

पोलिसात राहून मी हा प्रकार शेकडो वेळा पाहिला. लोक चावी गाडीतच ठेवून 'पटकन' उतरतात. आणि दुसरी चावी? ती घरी कपाटात. कपाटाची चावी त्याच जुडग्यात. आणि जुडगा गाडीत! काहीजण तर दुसरी चावी गाडीच्याच खणात ठेवतात, हरवू नये म्हणून. अशा शहाण्यांपुढे मी हात टेकले आहेत. चावी हातात दिसल्याशिवाय दार लावू नये आणि दुसरी चावी अशा माणसाकडे ठेवावी जो फोन केल्यावर घेऊन येईल. यापलीकडे कसलंही ज्ञान लागत नाही.

तर चावीवाला हातातलं काम टाकून धावत गेला आणि त्याने चार-पाच मिनिटांत दार उघडलं. म्हातारी घामाने निथळत होती. त्याने तिला पाणी पाजलं. फिर्यादींनी त्याचे हात धरले. पुढच्या रविवारी त्यांनीच त्याला सोसायटीत बोलावलं.

"कशाला?" मी विचारलं.

"आणखी एक चावी करूक. म्हणाले, पुन्हा असा नको व्हायला. मी खाली गाडीजवळ बसून करून दिली, त्यांच्या हातात दिली."

मी फिर्यादींना फोन करून बोलावून घेतलं. त्यांनी क्षणभर चावीवाल्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे बघत म्हणाले, "दार उघडलं हे खरं आहे. पण चावी मी करून घेतली नाही."

चावीवाला एक पाऊल पुढे आला. "साहेब, असा काय बोलताय? तुमच्याच बिल्डिंगखाली बसलो होतो ना मी?"

"मी म्हटलं ना, नाही."

फिर्यादी निघून गेल्यावर मी चावीवाल्यावर आवाज चढवला. तो रडला नाही की पायाही पडला नाही. एवढंच म्हणाला, "सायबानू, मी खोटा कित्याक बोलतलंय? लोक माका घरात घेतत, कपाट उघडूक सांगतत नि आत चाय करूक जातत. ह्या नाव गेला तर माझो धंदो संपलो."

मला ते ऐकू आलं, पण मी ते ऐकलं नाही. त्या संध्याकाळी तो घरी गेला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर झाला. प्रत्येक वेळी त्याचं उत्तर तेच. सराईत गुन्हेगाराचा जबाब दर वेळी थोडा सुधारत जातो, याचा मात्र एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. मला हे तेव्हाच खटकायला हवं होतं. दुसऱ्या संध्याकाळी वरिष्ठांनी सांगितलं, उद्या अटक करा.

तिसऱ्या दिवशी सकाळी, अटकेच्या आधी, कॅमेऱ्याचं चित्रण ताब्यात घ्यायला मी सोसायटीत गेलो. जीप एका लाल गाडीच्या मागे लावली. चावी खिशात टाकून वळलो तर वॉचमन धावत आला.

"साहब, चाबी देके जाओ ना. डॉक्टर साहब का गाडी निकलेगा."

"पोलिसांच्या जीपची चावी तुला देऊ?"

तो ओशाळला. "आदत हो गया, साहब. सबका लेता हूँ."

सबका! मी जागच्या जागी थांबलो आणि पहिल्यांदाच त्या पार्किंगकडे नीट पाहिलं. गाड्या एकीमागे एक, दोन-दोन, तीन-तीन लावलेल्या. मागची हलल्याशिवाय पुढची निघणार कशी? आणि सकाळी नऊ वाजता प्रत्येकजण चौथ्या मजल्यावरून खाली उतरून गाडी बाजूला घेत बसणार होता का?

मी थेट वॉचमनच्या केबिनमध्ये शिरलो. भिंतीवर नुकत्याच काढलेल्या फळीचा पांढरा चौकोन दिसत होता. वॉचमन सोसायटीच्या सेक्रेटरींच्या खिडकीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "वर नको बघू, माझ्याकडे बघ." मग त्याने खुर्चीखालून बिस्किटांचा डबा काढला. डब्यात पंचवीसेक गाड्यांच्या चाव्या होत्या आणि प्रत्येकीला फ्लॅट नंबरची चिठ्ठी. फिर्यादींच्या फ्लॅटची चिठ्ठी मात्र कुठेच नव्हती.

सेक्रेटरी धापा टाकत खाली आले. "साहेब, जागा कमी, गाड्या जास्त. सगळे आपली एक चावी इथल्या फळीवर टांगून ठेवतात. चोरी झाल्यावर म्हटलं उगाच कमिटीची वाट लागायला नको, म्हणून फळी काढायला सांगितली."

पुढचं काम अर्ध्या दिवसाचं होतं. पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाचा ड्रायव्हर गावी गेला असताना आठवडाभर एक बदली ड्रायव्हर येत होता आणि रिकाम्या वेळी केबिनमध्येच बसून असायचा. वॉचमन त्याला रोज गाड्या हलवताना बघायचा, म्हणूनच त्या दुपारी त्याने हात केला होता, हे आता त्याने कबूल केलं. त्या ड्रायव्हरच्या मोबाईलच्या लोकेशनवरून आम्ही चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचलो. एका बंद गाळ्यामागे कव्हर घातलेली गाडी सापडली, नंबर प्लेट बदललेली. ड्रायव्हरही तिथेच हाती लागला, तिसरी चावी त्याच्या खिशात होती.

फिर्यादींना बोलावून मी ती चावी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाले, "विमा कंपनी सगळ्या चाव्या मागते. तिसरी वॉचमनकडे टांगली होती असं सांगितलं असतं, तर दावा फेटाळला असता. पहिल्या दिवशी एकदा 'दोनच' म्हणून गेलो, मग मागे फिरता येईना."

"आणि तो माणूस आत गेला असता तर?"

"दोन रात्री झोपलो नाही, साहेब." मग म्हणाले, "आईला सांगू नका."

मला संताप आला होता, खोटं कशाला सांगू. पण समोर बसलेला माणूस दुष्ट नव्हता, भेदरलेला होता. मी त्यांचा खरा जबाब लिहून घेतला आणि म्हटलं, "मी नाही सांगत. तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी चावीवाल्याला बोलावून मोकळं केलं, माफी मागितली. तो जागचा हलला नाही. म्हणाला, "साहेब, मला आणताना अख्ख्या नाक्याने बघितलं. सोडताना कोण बघणार?"

मी त्याला जीपमध्ये पुढे, माझ्या शेजारी बसवलं आणि भर दुपारी नाक्यावर नेलं. त्याच्या छत्रीशी उभा राहून शहाळेवाल्याला, फुलवालीला, रिक्षावाल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं की चोर सापडला आहे आणि या माणसाने पहिल्या दिवसापासून आम्हाला खरं तेच सांगितलं होतं. लोकांनी माना डोलावल्या. पण पोलिसाचं बोलणं लोक कितपत धरतात ते मला ठाऊक होतं.

तेवढ्यात एक रिक्षा थांबली. फिर्यादी उतरले आणि त्यांनी हात देऊन आईला उतरवलं. म्हातारी काठी टेकत छत्रीपर्यंत आली. मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "चावी यांनीच करून दिली होती. मी खोटं बोललो." म्हातारीने हात जोडले.

चावीवाल्याने फिर्यादींकडे पाहिलंसुद्धा नाही. आपलं स्टूल फडक्याने पुसून छत्रीच्या सावलीत सरकवलं आणि म्हणाला, "आजी, इतक्या उन्हात कित्याक इलात? बसा आधी."

एक गोष्ट इतका वेळ सांगायची टाळली. पहिल्या दिवशी दोघे माझ्या खोलीत समोरासमोर आले, तेव्हा फिर्यादींना मी खुर्ची दिली होती, चहा मागवला होता. चावीवाला दोन्ही दिवस भिंतीला टेकून उभा होता. त्याला बसायला सांगावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. खरं कोण बोलतंय हे मी कपडे, फोल्डर आणि भाषा बघून ठरवून टाकलं होतं, चौकशी नंतर सुरू केली.

त्यानंतर नोकरीची जी काही वर्षं उरली, तेवढी माझ्या खोलीत येणारा प्रत्येक माणूस आधी बसायचा, मग बोलायचा. मला तेवढंच सुधारता आलं.