मुकुटावरचे हात

मंडळी, आज दुपारी धुळ्याच्या आमच्या घराची वाटणी झाली. कुणी भांडलं नाही, कुणी रडलंही नाही.

शेवटी भिंतीवर एकच वस्तू उरली. आजोबांनी इंग्रजांच्या काळात भुसावळहून आणलेलं, काचेच्या चौकटीतलं काळंपांढरं छापील चित्र. विलायतेतला राजदरबार. गुडघ्यावर बसलेला राजा, आणि त्याच्या डोक्यावरच्या मुकुटाला दोन्ही हात लावून उभा असलेला त्याचा भाऊ. दरबारी सगळे खाली बघतायत.

आजोबा आम्हा दोघा भावांना त्याखाली बसवून सांगायचे, "देखा, भाऊ भाऊले मुकुट घाली ऱ्हायना." भाऊ भावाला मुकुट घालतोय, आम्ही तेच बघत मोठे झालो.

आज मी खुर्चीवर चढून चित्र उतरवलं आणि थोरल्या भावापुढे धरलं. म्हटलं, "नाना, हाई तू ली जाय."

नानाने बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "घाली नही ऱ्हायना रे. काढी ऱ्हायना."

आणि चपला घालून निघून गेला.

तेव्हापासून चित्र मांडीवर घेऊन बसलोय. वाईट वाटायला हवं, पण काहीच वाटत नाहीये.

फोटो टाकलाय. जरा बघून सांगा, तो मुकुट घालतोय की काढतोय? मला आता नुसते हात दिसतात.