सरांचं विमान आणि माझी नववी

नववी अर्धी सोडून मी भंडाऱ्याकडून पुण्याला आलो आणि बुधवार पेठेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात लागलो. दुकान काकूंचं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "शिक्षण?"

"नववी. तीही पुरती नाही जी."

"बरं झालं. डिग्रीवाले पार्टसोबत येणारा माहितीचा कागद वाचत नाहीत. आणि हे 'जी' काय? दिल्लीला निघालायस का?"

तेव्हापासून त्यांनी माझ्यावर एक गोड शब्द वाया घालवलेला नाही. तरी या शहरात माझं कुणी काही भलं केलं असेल, तर ते त्यांनीच. चार वर्षं मी कीबोर्ड पुसले, वायरी गुंडाळल्या. मग एकदाची मला स्वतः पार्ट निवडून मशीन बांधायला मिळाली. ती विमानाची निघाली.

गिऱ्हाईक सदाशिव पेठेतलं, कॉलेजचे निवृत्त प्राचार्य. त्यांना घरबसल्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचं होतं. खऱ्यासारखं, ढगांसकट, आणि साठ हजारांच्या आत.

"विमान पाहिजे, तेही रिक्षाच्या भाड्यात," काकू पुटपुटल्या. सरांना ऐकू जाईल इतपत. पुण्यात पुटपुटतात ते असंच.

सरांनी सुवाच्य अक्षरात यादी आणली होती. तीन बाजूंनी काचेचं कॅबिनेट, आत सात रंगांचे दिवे, आणि उरलेल्या पैशांत विमान. दिव्यांनी विमान उडत असतं तर आपले गणपतीचे मांडव कधीच ढगात गेले असते. या खेळाला जोर लागतो तो प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डाचा. पण हे मला सरांना सांगवेना. मी काकूंच्या कानात सांगायचो, काकू सरांना सांगायच्या.

"तो म्हणतो, पत्र्याचा साधा डबा घ्या आणि कार्ड चांगलं घ्या. जुनं चालेल, पण चांगलं."

"तो म्हणजे कोण?"

"हा."

"याचं क्वालिफिकेशन?"

"गप्प बसतो. हल्ली मिळत नाही असं माणूस."

सर कसेबसे तयार झाले. ते गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "निवड तुझी आहे, विद्वान. पेटी परत आली तर स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आणि फडकं तुझ्याकडे. कायमचं."

दोन दिवसांत मशीन बांधली. तिसऱ्या दिवशी दुकानातल्या पडद्यावर सकाळपासून विमान उडवत ठेवलं. मी सिंहगडावर तीनदा आदळलो, पण मशीन एकदाही अडखळली नाही. विमान मला पडद्यावरच माहीत. खऱ्या विमानाच्या जवळ मी लोहगाव विमानतळाच्या कुंपणापर्यंत गेलोय. संध्याकाळी पेटी स्कूटरवर बांधून सरांकडे पोचवली.

पेटी टेबलावर ठेवली आणि वायर हातात घेतली, तर सरांनी ती काढून घेतली. "राहू दे. वायर लावण्यापुरती माझी पीएचडी पुरेल."

पेटीच्या मागे पडद्याची वायर लावायला दोन जागा असतात. वरची बोर्डाची, खालची ग्राफिक्स कार्डाची. वर लावली तरी पडदा छान उजळतो. मात्र ते महागाचं कार्ड आत नुसतं बसून राहतं, पगार चालू असलेल्या साहेबासारखं. सरांनी वायर वर लावली.

मी पाहिलं. तोंड उघडलं. "सर..."

"काय?"

"काही नाही जी."

कुठल्याही सरांना चूक दाखवण्याचा प्रयोग मी आयुष्यात एकदाच केला होता. नववीत गणिताच्या सरांनी फळ्यावर उणे चिन्ह गाळलं, मी उभा राहून सांगितलं. त्यांनी मला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं. आठव्या दिवशी मी गेलोच नाही. त्या प्रयोगाचा निकाल म्हणजे मी पुण्यात आहे.

सरांच्या पत्नींनी चहा दिला. तो पिऊन मी काकूंची स्कूटर दुकानावर ठेवली आणि खोलीवर जायला धायरीची बस पकडली. वाटभर ती वायर डोळ्यांसमोर लोंबत होती. फोन करावा म्हटलं, नंबर काढला, परत खिशात ठेवला. सर स्वतःच ओळखतील. पीएचडी आहे.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच रिक्षा थांबली. सर मांडीवर पेटी घेऊन बसले होते. ती काउंटरवर आपटत म्हणाले, "याला विमान म्हणता? ढगात उभं राहतं, दोन पावलं चालतं, पुन्हा उभं राहतं! पैसे परत करा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खालच्या जागी दुकानातली वायर लावली, मशीन चालू केली. विमान भुर्रकन निघालं.

"इथे उडतंय," सर म्हणाले. "घरी का उडत नाही?"

काकूंनी फक्त फडकं उचलून काउंटरवर माझ्यासमोर ठेवलं. आता माझ्या वतीने बोलणारं कुणी नव्हतं.

"सर, वायर चुकली."

"कुणाची?"

"तुमची जी. वरती लावली तुम्ही. खाली पाहिजे."

"तुला तेव्हा दिसलं होतं?"

"हो जी."

"मग ठोंब्यासारखा उभा का राहिलास?"

मी नववीतलं ते उणे चिन्ह सांगितलं. सर्व सांगितलं, आठव्या दिवसासकट. सरांनी चष्मा काढून पुसला. आता गहिवरतात की काय, अशी मला भीती वाटली. पण माणूस सदाशिव पेठेतला.

"तुझं बरोबर असेलही," ते म्हणाले. "पण सांगण्याची एक पद्धत असते."

"पद्धत तुम्ही शिकवा, सर," काकू म्हणाल्या. "तोवर वायर तो लावेल." मग माझ्याकडे वळून, "आणि तू? गप्प बसतोस म्हणून मी तुझं कौतुक केलं, ते खरं मानून बसलास?" फडकं त्यांनी उचललं आणि स्वतःच काउंटर पुसायला लागल्या.

पेटीसोबत मी पुन्हा सरांकडे गेलो. वायर खाली लावली. सरांनी उड्डाण घेतलं, वळण घेतलं, आणि समोर सिंहगड दिसायला लागला. ही जागा माझ्या चांगल्या ओळखीची होती.

"सर, नाक वर घ्या."

"मला शिकवतोस?"

"हो जी."

सरांनी नाक होतं तिथेच ठेवलं. विमान डोंगरात घुसलं, पडदा काळा झाला. सरांनी खुर्ची जराशी बाजूला सरकवली, माझ्यासाठी स्टूल ओढलं, आणि विमान पुन्हा धावपट्टीवर आणलं.

"या वेळी आधी सांग," ते म्हणाले. "आणि जरा मोठ्याने."