कानानं ऐकलेला आकडा

बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. मुलगी पहिलीला गेली तेव्हा सासरी निपाणीतच मेडिकल असिस्टंटच्या वर्षभराच्या कोर्सला मी नाव घातलं. शेवटचे तीन महिने दवाखान्यात प्रत्यक्ष काम करायचं होतं, आणि माझ्या वाट्याला आला बेळगावातल्या टिळकवाडीतला एक लहान दवाखाना. रोज जाऊन-येऊन जमणारं नव्हतं. राहायला मावशीचं घर होतं, पण मुलीचं काय करायचं? सासूबाई तंबाखूच्या वखारीत कामाला जायच्या. तीन महिने कामावर जात नाही, पोरीचं मी बघते, असं त्यांनी परस्पर माझ्या नवऱ्याला सांगून टाकलं. मला एवढंच म्हणाल्या, "शनिवारी तेवढं येत जा. पोर वाट बघंल."

दवाखान्यात मला शिकवायचं काम तिथल्या मुख्य नर्सकडं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या, घरची भाषा कन्नड, मराठी कामापुरती. त्यांना सगळे आक्का म्हणायचे. पेशंट डॉक्टरांकडं जाण्याआधी त्याचं वजन, ताप आणि बीपी बघून कागदावर लिहायचं, हे माझं काम. बॅटरीवरच्या मशीनवर डॉक्टरांचा भरवसा नव्हता. दंडाला पट्टा बांधून, हवा भरून, स्टेथोस्कोप लावून कानानंच ऐकायचं.

तिसऱ्या दिवशी चिकोडीकडच्या एक आजी आल्या. बाहेर बाकावर दहा-बाराजण खोळंबले होते. मी पट्टा बांधला, हवा भरली, हळूहळू सोडली. कानात काहीच आलं नाही. पुन्हा केलं. तरी नाही. वर्गात मैत्रिणीच्या दंडावर कधीतरी ऐकू यायचं, कधी नाही, आणि आलं नाही तरी मी मान डोलवायचे. तशीच सवय. मी कागदावर लिहिलं, एकशेवीस-ऐंशी. पुस्तकातला आकडा.

आजींनी पदर सारखा केला आणि माझ्या हातावर हात ठेवून विचारलं, "बरोबर ऐतेनव्वा?"

मला कन्नड तोडकंमोडकंच येत होतं, पण बरोबर हा शब्द दोन्हीकडं एकच. बरोबर आहे ना, असं त्या विचारत होत्या. मी हसून मान हलवली. आजी कागद घेऊन डॉक्टरांच्या दाराशी जाऊन बसल्या. पुढच्या माणसाला मी काट्यावर उभं केलं, पण लक्ष त्या दाराकडंच होतं. आजींच्या आधीचा पेशंट बाहेर आला, तशी मी सगळं टाकून आक्कांकडं गेले.

"आक्का, त्या आजींचा आकडा मी कानानं ऐकलेला न्हाय. मनानंच लिवलाय."

आक्कांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग उठून आजींना परत आणून बसवलं, स्वतः बीपी बघितलं आणि माझा आकडा खोडून एकशेनव्वद-एकशेदहा लिहिलं. आजींना घाईनं आत नेलं. त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना दुपारपर्यंत तिथंच झोपवून ठेवलं आणि औषध बदललं. माझा कागद तसाच आत गेला असता, तर जुन्याच गोळ्या चालू राहिल्या असत्या.

आता मला घरी पाठवणार, अशी माझी खात्री झाली होती. जेवणाच्या सुट्टीत आक्कांनी बोलावलं.

"ऐकायला येत नाही म्हटलं तर मी शिकवते," त्या म्हणाल्या. "खोटं लिहिलं तर मी काय शिकवू?"

मग स्वतःची बाही वर करून त्यांनी दंड पुढं केला. स्टेथोस्कोपची टोकं मी उलटी घालत होते. ती नाकाच्या बाजूला वळलेली हवीत, एवढी साधी गोष्ट. शिवाय चकती मी निम्मी पट्ट्याखाली सारत होते, नाडी राहायची बाजूला. त्यांनी माझं बोट धरून कोपराच्या आतली नाडी दाखवली. हवा सोडली तसा आतून ठोका आला, स्पष्ट, दार वाजवल्यासारखा. मला रडू आलं. आक्कांनी तिकडं लक्ष दिलं नाही, आकडा विचारला.

त्यानंतर महिनाभर रोज जेवून झालं की त्या दंड पुढं करायच्या. आधी स्वतः बघून आकडा लपवून ठेवायच्या, मग मी बघून माझा आकडा सांगायचा. पट्टा आवळून त्यांचा दंड लाल व्हायचा. दुसरा पुढं करायच्या. हे करायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला खानापूरकडचे एक भातवाले शेतकरी खोकल्यासाठी आले. त्यांचे ठोके मला सारखे लागेनात, एक जवळ, एक लांब. तीनदा बघितलं, तीन वेगळे आकडे. मी कागदावर काही न लिहिता आत जाऊन डॉक्टरांना म्हटलं, "मला खात्री न्हाय. ठोका चुकतोय असं वाटतंय." त्यांनी लगेच ईसीजी काढला आणि त्या शेतकऱ्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पंधरा दिवसांनी ते स्वतःच्या पायानं चालत आले, आक्कांना आणि मला नव्या तांदळाची एकेक पिशवी देऊन गेले.

शेवटच्या दिवशी आक्कांनी माझा फॉर्म भरला. सगळ्या रकान्यांत 'उत्तम' होतं, फक्त अक्षराच्या रकान्यात 'सुधारणा हवी'. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला मध्येच धरलं आणि डबा खाल्ला का, ते विचारलं.

पुढच्या महिन्यात मला निपाणीतच एका दवाखान्यात नोकरी लागली. सासूबाईंना म्हटलं, आता वखारीत जाऊ नका. बसून काय करू, म्हणाल्या. अजून जातात. सकाळी पोरीची वेणी त्या घालतात, मी डबा भरते, आणि चौकापर्यंत आम्ही तिघी बरोबर चालत जातो.