सरांनी काढलेलं माझं सासर

सर गेल्याचं मला कुणाच्या तरी स्टेटसवरून कळलं, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. दौंडहून माझं माहेर, शिरूर, काही सातासमुद्रापार नाही. तरी मातीला जाऊ शकले नाही. "कोण लागत्यात ते आपले?" आप्पा, म्हणजे माझे सासरे, एवढंच म्हणाले. मी तव्यावरची पोळी उलटली. स्वतःचाच संताप आला.

शाळेतले आमचे ड्रॉइंगचे सर अर्कचित्रं काढायचे. टाक शाईत बुडवायचा आणि थेट कागदावर रेघ. माणसाला समोर बसवून मात्र कधी काढत नसत. चहा पाजायचे, गप्पा मारायचे आणि तो गेला की टाक उचलायचे. "समोर हाय तवर मानूस तोंड सांभाळतो," म्हणायचे. दहावीनंतर चार वर्षं मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे शिकले. "हिची रेघ माझ्यापेक्षा धीट हाय," असं ते एकदा म्हणाले होते. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

साखरपुड्यात सर सासरच्यांशी तासभर गप्पा मारत बसले आणि लग्नात आहेर म्हणून चित्र दिलं. अर्धा कागद आप्पांच्या मिशांनी व्यापलेला. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनासारखे अडकवलेले माझे नवरोबा. कडेला मी, दोन्ही हात पदराखाली. बोटांना शाई होती म्हणून आईनं साखरपुड्यात हात झाकायला लावले होते, सरांनी नेमकं तेच धरलं. अख्खा मांडव हसला. आप्पा मिशांवरच खूश! फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, आल्यागेल्याला दाखवतात. खिसा त्यांना आजवर दिसलेला नाही. नवऱ्याला दिसला असावा, कारण कुरकुंभच्या कारखान्यातली शिफ्ट करून आला की तो त्या भिंतीकडे पाठ करूनच जेवतो. माझा टाक मात्र पहिल्याच महिन्यात बंद झाला. "सुनंनं लोकांची तोंडं वाकडी काढायची न्हाईत," आप्पांनी सांगितलं.

माहेरी गेले तेव्हा मी सरांना विचारलंच, "सासर कसं हाय ते तुम्हाला दिसलं व्हतं, तर बोलला का न्हाई?"

सर टाक पुसत राहिले. "मला बोलाया कुठं येतं पोरी? काढून दिलं की."

मी रागानं उठून आले. नंतर कधी त्यांच्याकडे गेले नाही.

गेल्या महिन्यात शिरूरला सरांच्या स्मरणार्थ त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. चित्र द्याल का, म्हणून आप्पांना फोन आला. मग काय, त्याच आप्पांनी मला स्वतः एसटीत बसवून दिलं. "जपून ने. आन् पाचच्या आत घरी."

सगळ्यात जास्त गर्दी आमच्याच चित्रापुढं. लोक खिशाकडे बोट दाखवून खो खो हसत होते. "ही सून बिचारी," एक बाई म्हणाली. मी तिच्या शेजारीच उभी होते. तेवढ्यात माइकवरून सांगितलं, सरांकडे शिकलेल्यांनी वर या, एकेक चित्र काढा. टेबलावर टाक, शाई, कोरे कागद. मी पाय उचललाही. पण तिथं फोटो निघत होते. संध्याकाळपर्यंत ते दौंडला पोचले असते आणि आप्पांनी मला पुन्हा घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.

बिल्ला लावलेला एक जण जवळ आला. "ताई, तुम्ही पण सरांकडं शिकलाय का?"

"नाही," मी म्हणाले. "मी चित्र पोचवायला आलेय."

तो बरं म्हणून पुढे गेला. सर असते तर त्यांनी न बोलताच भर सभेत मला खोटं पाडलं असतं, हाताला धरून वर नेलं असतं. आता तसं करणारं कुणी उरलं नव्हतं.