उंटावरच्या शेखाची आगाऊ माफी

आता काय सांगू तुम्हाला! माणूस आधी चूक करतो, मग माफी मागतो. मी आधी माफी मागितली आणि तीच चूक निघाली!

झालं असं, आमच्या घणसोलीच्या सोसायटीत मुलांचा कार्यक्रम होता. मी सेक्रेटरी. ठरवलं, पोरांना एक जुनंपुराणं, ब्लॅक अँड व्हाइट, धपाधप आपटणारं कार्टून दाखवायचं. अहो, काय चीज असते ती! एकेक चित्र हातानं काढलेलं. उंट विहिरीत पडतो, तर पाण्याचा थेंबन् थेंब वेगळा उडतो. मी आ वासून बघत बसलो.

आणि उंटावरचा शेख दिसला. आकड्यासारखं नाक, वाकडी तलवार, गरगर फिरणारे डोळे. मी तिथंच कार्टून थांबवलं! शेजारी जुबेदाभाभी राहतात. मूळच्या रायगडच्या, सी.ए. दर ईदला त्यांच्याकडून गोड सांदणांचा डबा येतो. मी आजारी पडलो तेव्हा घरच्यांपेक्षा जास्त त्या धावल्या. त्या दुखावल्या तर? तोंड कसं दाखवू?

म्हणून लॅपटॉप घेऊन गेलो की त्यांच्या दारात!

"भाभी, आधीच सॉरी. ह्यात तुमच्यातला एक माणूस जरा विचित्र दाखवलाय."

"आमच्यातला? लावा बघू!"

भाभींनी चष्मा चढवला. शेख आला. भाभी पुढे सरकल्या. मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. एवढ्यात उंट विहिरीत पडला आणि भाभी अशा हसल्या, की सोफा हलला.

मग डोळे पुसत म्हणाल्या, "पाटकरभाऊ, ह्यात आमच्यातला कुठला?"

"तो... तलवारवाला."

"अहो, जरा बाहेर या!" भाभींनी नवऱ्याला हाक मारली. इक्बालभाई आले. हाफ पँट, टक्कल, हातात दिवाळे गावच्या मासळीबाजारातून आणलेल्या बोंबलांची पिशवी. "पाटकरभाऊ म्हणतायत, हा उंटवाला तुमचा भाऊबंद."

इक्बालभाईंनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "भाऊ, मला अजून स्कूटर नीट जमत नाय!"

मेलो! कुणा चित्रकाराची कधीकाळची गफलत मी स्वतः घरपोच आणून दिली होती.

पण भाभी रागावल्या नाहीत. "परत लावा," म्हणाल्या आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा बाजार बघा. सगळ्या माणसांना एकच नाक! काढणाऱ्यानं उंट नीट बघून काढलाय. माणसं बघायला गेलाच नाय."

मी थक्क! इतकं हसता हसता इतकं बघायचं कसं हो?

"दाखवा पोरांना," त्या म्हणाल्या. "नंतर मी बोलते त्यांच्याशी."

कार्यक्रमात भाभींनी पोरांना बाजारातल्या माणसांबद्दल विचारलं, तर सगळ्यांना एकच नाक आहे हे पोरांनी चटकन ओळखलं! मी भारावून टाळ्या वाजवत होतो. मग भाभी म्हणाल्या, "आता सांगा, ह्यातलं कोण तुमच्या ओळखीचं वाटलं?"

कार्टूनमध्ये एक ढेरपोट्या साहेब होता. दिसेल त्याला नियम सांगत फिरायचा आणि दर वळणावर आपटायचा. त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पोरांचं गेलं होतं.

"सेक्रेटरी अंकल!" सगळी एका सुरात.

अख्खा हॉल हसून लोळला. मी ताडकन उठलो. "हे चुकीचं आहे! सगळेच सेक्रेटरी असे नसतात!" असं ओरडत तरातरा पुढे निघालो, प्रोजेक्टरच्या वायरीत पाय अडकला आणि थेट समोशांच्या टेबलावर!



मग पहिल्या रांगेतून आवाज आला, "वन्स मोअर!"

पोरांचा नाही हो. माझ्या बायकोचा!