पांढऱ्या पायाचे रेडकू

माझी स्वाक्षऱ्यांची वही कुणी बघायला मागितली तर मी देते, पण तिचे एक पान मी दोऱ्याने टाचून ठेवले आहे. तिथे कुणाचा हात गेला की मी वही काढून घेते. म्हातारी तिरसट आहे, असे मागून म्हणतात. आहेच मी तिरसट, आणि त्याला कारण आहे.

माझे वडील शहापूरला शाळामास्तर होते. शाळेत मुलांचे एक मासिक यायचे. वर्गात हाताळून हाताळून ते खिळखिळे झाले की वडील घरी आणत आणि मी सुईदोऱ्याने त्याची पाठ शिवून ट्रंकेत ठेवी. मला त्यातल्या गोष्टींचे फारसे वेड नव्हते. मला हवे असायचे शेवटचे पान. त्या पानावर सहा चौकोनांत एक चित्रकथा असे: एक म्हातारी आणि तिचे नाठाळ रेडकू. म्हातारी रेडकाला शिस्त लावायला जाई आणि दर महिन्याला स्वतःच चिखलात बसे. मी ते पान इतक्या वेळा बघितले आहे की आजही डोळे मिटले तर म्हातारीच्या लुगड्याची ठिगळे मोजून सांगेन.

मासिकात चित्रे काढणाऱ्यांना मी जबाबी कार्डे पाठवी. निम्म्या कार्डावर आपली विनंती, उरलेल्या निम्म्यावर त्यांनी नुसती सही करून परत टाकायची. आई म्हणे, "या पोरीला दुसरा धंदा नाय." कार्डे मात्र वडीलच आणून देत. लग्नाच्या वयाला येईपर्यंत माझ्याकडे तेवीस सह्या जमल्या होत्या. रेडकाच्या चित्रकाराची मात्र नव्हती. त्यांना मी तीन कार्डे घातली, एकही परत आले नाही.

मग मी एक चूक पकडली. रेडकाचा पुढचा डावा पाय पांढरा होता. एका अंकात ते उलट्या दिशेने पळाले आणि पांढरा पाय उजवा झाला. आमच्याकडे गोठ्यात जनावरे होती. कुणाचा कुठला पाय पांढरा हे आम्हाला झोपेतही ठाऊक असे. मी चौथ्या कार्डावर सहीबिही काही मागितली नाही. सरळ लिहिले, "तुमच्या रेडकाचा पाय बदलला आहे. बाजारात असे जनावर कोणी घेणार नाही."

आठ दिवसांत उत्तर आले. "इतकी वर्षे काढतो आहे, हे फक्त तुम्ही पाहिलेत. पाय दुरुस्त करून मूळ चित्रच तुम्हाला पाठवतो, खाली तुमचे नाव घालून. जरा सवड द्या." छापलेले पान नव्हे, त्यांच्या हाताचे, त्यांच्या शाईचे चित्र! मी ते कार्ड घेऊन अंगणभर नाचले. माझ्या आयुष्यात कुणी मला पहिल्यांदाच सांगितले होते की तुला जे दिसते ते इतरांना दिसत नाही.

त्यांना सवड मिळाली नाही आणि माझे लग्न ठरले. जर्मनीशी लढाई सुरू होऊन वर्ष उलटले होते, कागद महाग झाला होता, मासिक पापडासारखे पातळ झाले होते. मला मुरबाडला दिले. किन्हवलीवरून बैलगाडीने दिवसभर हाडे खिळखिळी करत आम्ही पोचलो. संध्याकाळी ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने माझे नवे नाव लिहिले. बायकांनी गूळ वाटला. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून सगळ्यांना वाढले, मलाही. जुने नाव कुणी काढून घेतले असे झाले नाही. ते फक्त कुणी उच्चारेना.

पहिल्याच महिन्यात माझा भाऊ भेटायला आला. त्याने दारातून माझे जुने नाव घेऊन हाक मारली आणि मी "ओ" दिली. तो गेल्यावर सासूबाईंनी मला देवापुढे बसवले. "ते नाव आता नाय घ्यायचं, त्याला ओ नाय द्यायची. घराला बरं नसतं," असे म्हणून त्यांनी माझ्याकडून नवे नाव अकरा वेळा म्हणवून घेतले. त्या दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर मी भांडले तरी असते. माझ्या ट्रंकेतले अंक त्यांनी सुकटीच्या मडक्यांवर झाकण म्हणून बांधले, तेही माझा कागद वाया जाऊ नये म्हणून. वही मी लुगड्यांच्या तळाशी दडवली.

असे वर्ष गेले. एका सकाळी मी सासूबाईंबरोबर पडवीत वाल सोलत होते. ओटीवर सासरे आणि गावचे दोघे बसले होते. टपालवाला आला. त्याच्या हातात चांगला हातभर लांब, पुठ्ठा घातलेला लिफाफा होता. त्याने मोठ्याने नाव वाचले. आधी कुमारी, मग नुसते माझे जुने नाव; कार्डावर मी आडनाव कधी लिहीत नसे. शहापूरचा पत्ता खोडून त्यावर मुरबाडचा घातलेला होता, आणि तो वडिलांच्या हातचा असणार हे कळायला मला बघायचीही गरज नव्हती. त्यांनी पत्ता बदलला, नाव तसेच ठेवले. त्यांच्या लेखी मला दुसरे नाव नव्हतेच. इतका लिहिता-वाचता माणूस आणि त्याला हे सुचले नाही. त्यांच्यावर मला अजून राग येतो, आणि येतो म्हणून रडूही येते.

सासऱ्यांना माझे माहेरचे नाव आठवत नव्हते. सुनेचे जुने नाव कोण लक्षात ठेवतो? त्यांनी आत वळून विचारले, "अगो, ही कुमारी कोन? आपल्यात हाय का कोनी?"

सासूबाईंना नाव पक्के ठाऊक होते. त्यांनी वालातले हात थांबवले आणि माझ्याकडे बघितले.

मी म्हटले, "मला नाय ठावं."

टपालवाल्याने लिफाफ्यावर काहीतरी खरडले आणि तो पिशवीत टाकला. मी वाल सोलत राहिले. दुपारी सासूबाईंनी माझ्या भातावर दोनदा तूप घातले. म्हणाल्या, "आता झालीस खरी आमची."

रात्रंदिवस एकच हिशेब डोक्यात. त्यांनी विचारले असते तर? त्या ओरडल्या असत्या तर? पण त्यांनी फक्त बघितले, आणि तेवढ्यावर मी स्वतःला नाकारले. पुढे मासिक बंद पडले, त्या चित्रकाराचा पत्ताही गेला.

लढाई संपल्यानंतर कल्याणला चित्रांचे प्रदर्शन भरले. त्यात ते चित्रकार बसणार आहेत असे कळले. नवऱ्याला सांगून मी सर्विस मोटारीने एकटी गेले. ते साधेसे, खोकणारे गृहस्थ निघाले. मी वही पुढे केली आणि म्हटले, "तुमचे रेडकू मला फार आवडायचे."

ते हसले. "त्या रेडकाचा पाय एकदा चुकला होता. शहापूरच्या एका मुलीने पकडला. मी तिच्यासाठी मूळ चित्र नीट करून पाठवले. परत आले, अशी कोणी नाही म्हणून. कुणीतरी मोठ्या माणसाने मुलीच्या नावाने थट्टा केली असणार. चिडून मी ते चुलीत घातले." मग लेखणी उघडून त्यांनी विचारले, "नाव काय घालू?"

त्या वेळी तिथे सासूबाई नव्हत्या. ओटी नव्हती, गावचे लोक नव्हते. नवरा बारा कोसांवर होता. मला कुणीही अडवले नसते.

मी त्यांना मुरबाडचे नाव सांगितले. मी पुढे टाचून टाकले त्या पानावर त्यांनी ते सुबक अक्षरांत लिहिले, खाली सही केली आणि कोपऱ्यात एक छोटे रेडकू काढले. त्याचा पुढचा डावा पाय कोरा ठेवला होता.